अपेक्षित उत्तर

हेमचंद्राचे काम असे होते की ते नीट झाले तर कोणाला कळत नसे, आणि चुकले तरी बराच काळ कळत नसे. न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळच्या एका संगणक कंपनीत, डिस्कवर फाइली मांडणारा आणि सांभाळणारा जो प्रोग्राम होता, त्याच्यावर तो रोज चाचण्या चालवी. काल जे चालत होते ते आजच्या दुरुस्तीने मोडले तर नाही ना, एवढेच त्या चाचण्या विचारीत. प्रत्येक चाचणीच्या शेजारी एक छोटी फाइल असे, आणि यंत्राने काय उत्तर द्यावे ते तिच्यात लिहिलेले असे. ऑफिसात तिला ‘एक्स्पेक्टेड’ म्हणत. हेमचंद्र मनातल्या मनात ‘अपेक्षित’ म्हणे. यंत्राचे उत्तर आणि अपेक्षित उत्तर अक्षराला अक्षर जुळले की चाचणी पास.

शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये त्याची एक चाचणी नापास झाली. ती डिस्क काठोकाठ भरी आणि मग तिच्यावर आणखी एक फाइल लिहू पाही. ‘जागा नाही’ अशी तक्रार यंत्राने करावी, हे अपेक्षित. नव्या प्रोग्रामने तक्रार केली नाही. काम निमूटपणे पार पडल्यासारखे दाखवले आणि मागे नावापुरती रिकामी फाइल ठेवली.

नवा प्रोग्राम चंद्रशेखरचा होता. चंद्रशेखर हा हेमचंद्राच्या बायकोचा, मृणालिनीचा (माहेरच्यांच्या मिनूचा), मावसभाऊ. त्यानेच हेमचंद्राला या कंपनीत चिकटवले होते आणि ग्रीन कार्डाचे कागदही आपल्या मॅनेजरच्या सहीने पुढे सरकवले होते.

दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पास झाली. हेमचंद्र प्रोग्राम उघडून पाहतो तो त्यात काहीच बदललेले नव्हते. बदलले होते ते अपेक्षित उत्तर. तो तडक चंद्रशेखरच्या टेबलाशी गेला.

“मेसेजेसचं वर्डिंग बदललं होतं,” चंद्रशेखर कॉफी ढवळत म्हणाला. “ढीगभर टेस्ट्स फेल होत होत्या. सगळी आउटपुट्स परत जनरेट केली, एका कमांडमध्ये. यू शुड थँक मी.”

“म्हणजे यंत्र जे बोललं तेच अपेक्षित म्हणून लिहून टाकलंस?”

“मग? एक्स्पेक्टेड म्हणजे काय? जे होणार हे आपल्याला माहीत आहे ते. हे असं वागणार, मला माहीत आहे. सो, एक्स्पेक्टेड.”

“अपेक्षित म्हणजे जे व्हावं ते! मुलगा गणितात नापास होणार हे बापाला माहीत असलं, म्हणून बापाची तशी अपेक्षा असते काय?”

“जावईबापू, तुम्ही कीर्तनाला का नाही उभे राहत? बुवा चांगले शोभाल.” मग त्याने आवाज उतरवला. “ऐक यार. पुढच्या रिलीजमध्ये फिक्स करतो. आत्ता बोललास तर रिलीज थांबेल, माझी मान जाईल, आणि माझ्यामागोमाग तुझे पेपर्स. डिस्क फुल होते कधी? आणि मिनूला बोलू नकोस. तिच्या डिपार्टमेंटला आपल्या प्रोग्रामची अर्ली कॉपी दिली आहे. तिच्या प्रोफेसरला कळलं की सगळीकडे झालं.”

हेमचंद्र वाद सोडणारा माणूस नव्हता. त्याने जुने अपेक्षित उत्तर स्वतःच्या हाताने परत लिहिले; दोन दिवसांनी कोणीतरी पुन्हा सगळी उत्तरे घाऊक बदलली. तो विभागप्रमुखाकडे गेला. प्रमुखाने समोरच्या कागदावर बोट ठेवून विचारले, “पास आहे ना?” पास होती. ‘पास आहे म्हणूनच आलो आहे’ हे वाक्य इंग्रजीत कितीही घोटले तरी वेडगळ वाटते, हे हेमचंद्राला बोलता बोलताच उमगले.

मृणालिनी युनिव्हर्सिटीत न्यू जर्सीच्या खाऱ्या दलदलीतल्या डासांवर प्रबंध लिहीत होती. मे महिन्यात तिचे मार्गदर्शक निवृत्त व्हायचे होते. त्याआधी प्रबंध हातावेगळा झाला नाही तर डासांत रस असलेला दुसरा माणूस त्या विभागात नव्हता. आणि प्रबंध सगळा विभागाच्या यंत्रावर होता.

संध्याकाळी ती कुकर लावत असताना हेमचंद्र दारात उभा राहून म्हणाला, “तुझ्या प्रबंधाची एक कॉपी काढून ठेव.”

“का रे? काही झालंय का?”

“असंच. चांगली सवय.”

“तू आणि तुझ्या सवयी!” ती हसली. “काढते, बाबा.”

चंद्रशेखरने बजावले तसे बायकोला काही सांगितले नाही आणि तिला सावधही केले, असा दुहेरी हिशेब मनाशी मांडून तो त्या रात्री स्वस्थ झोपला.

शुक्रवारी ती घरी आली ती कोट न काढताच खुर्चीवर बसली.

“हेम, फाइल रिकामी आहे. नाव आहे, आत काही नाही.”

“कोणती फाइल?”

“कॉपी. तू म्हणालास म्हणून मशीनवरच सगळ्याची एक कॉपी केली. काही एरर आला नाही. मग ऑपरेटर आला, म्हणाला डिस्क भरलीय, जुनं काढा. मी जुनी पुसून टाकली. ताजी ठेवली.” तिने ‘ताजी’ हा शब्द पुन्हा एकदा, स्वतःशीच, उच्चारला. “टेप ड्राइव्ह दुरुस्तीला गेलाय. शेवटची बॅकअप टेप डिसेंबरची. त्यानंतरची तिन्ही प्रकरणं गेली.”

हेमचंद्र काही बोलण्याआधीच तिने फोन उचलला. “चंदूदादाला विचारते. त्याला परत मिळवता येईल.”

हेमचंद्राला एकच बाजू ऐकू येत होती. “दादा, डिस्क भरली असली तर मशीन सांगतं ना?... नेहमी?... नाही रे, माझ्या समोर काहीच आलं नाही... हो, घाईत होते... असेल. माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल.”

तिने फोन ठेवला. “दादा म्हणतो, मीच चुकीची फाइल पुसली असणार.” ती भावाच्या शब्दाशी कधी भांडली नव्हती. “मी इतकी वेंधळी आहे का रे?”

वादात हेमचंद्राला शब्द कधी कमी पडले नव्हते. आताही ते रांगेत उभे होते; पण त्यांतल्या एकानेही ती प्रकरणे परत येणार नव्हती.

“तुझं चुकलं नाही,” तो म्हणाला. “यंत्राने सांगायला हवं होतं. ते सांगत नाही. मला माहीत होतं.”

मृणालिनीने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “मग कॉपी काढ म्हणालास, तेव्हा तुला काय अपेक्षित होतं?”

“कागदावरची कॉपी,” हेमचंद्र म्हणाला.