दुकानातली वाइन पोटात घेतलेला बुधला

“मावशी, तुमची ही वाइन द्राक्षाला कधी भेटली आहे का हो?”

प्रश्न इलिंकाचा. वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, ‘दुकानात विचारूनच दाखव’ म्हणून. विचारला की तिने, तोही खणखणीत आवाजात! सुट्या वाइनच्या नळापाशी उभी असलेली विक्रेती हसली नाही. ट्रॉलीत बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “आमची भेटली असेल, नसेल. पण गावाकडून रिकामा बुधला घेऊन कोण आलंय, बाळ?”

इलिंकाचे कान लाल झाले. मित्रांनो, मला कान असते तर माझेही झाले असते. कारण तो रिकामा बुधला मीच.

मी जुन्या काचेचा, गोल पोटाचा, आखूड मानेचा. भट्टीवर मला फुंकून फुगवले ते कुणी परक्याने, पण अंगरखा घातला तो इलिंकाच्या आजोबांनी, पंतेलेय आजोबांनी. नदीकाठच्या वाळुंजाच्या ओल्या काड्या त्यांनी माझ्याभोवती विणल्या. मोल्दोवातल्या आमच्या गावात घर तिथे तळघर, आणि तळघरात आपल्याच वेलींच्या वाइनचे पिंप. पाहुण्यापुढे विकतची वाइन ठेवणे म्हणजे त्याला दारातूनच वाटेला लावणे! आजोबा पिंपातून मला भरत आणि मी मिरवत निघे. लग्नात मी, बारशात मी. शेजारचे हरालांबी आजोबा माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणत, “पंतेलेय, तुझी गाय नको मला, हा बुधला दे.”

गेल्या वर्षी हिवाळा सरता सरता पंतेलेय आजोबा गेले. इलिंकाचे बाबा टुडोर शहरात बांधकामावर. वेली कुणी छाटल्या नाहीत, द्राक्षे पाखरांनी खाल्ली. पिंपातली वाइन कमी होईल तशी वरून भर घालावी लागते, नाहीतर आत हवा शिरते. तेही कुणी पाहिले नाही. वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा पिंप उघडले, तर आत नुसता आंबट शिरका.

“दुकानातून आणू,” इलिंकाची आई लिदिया म्हणाली. “बुधला तोच आहे. कोण विचारतंय?”

असा मी त्या दुकानात आलो. केवढे ते दुकान! बाटल्यांच्या रांगाच रांगा, पांढराफटक उजेड, आणि एवढ्या वाइनमध्ये वाइनचा वास कुठेच नाही. टुडोरने जन्मात कधी वाइन विकत घेतली नव्हती. एक बाटली उचलायचा, मागचा कागद वाचायचा, पुन्हा ठेवायचा.

“यात आपल्यासारखी कुठली, कसं ओळखायचं गं?”

“भाव बघा नि चला,” लिदिया म्हणाली.

मग कोपऱ्यातले सुट्या वाइनचे नळ आले, आणि इलिंकाचा तो प्रश्न. त्यानंतर नळ सुटला आणि थंडगार, अनोळखी वाइन माझ्या पोटात शिरली.

श्राद्धाच्या जेवणाआधी प्रत्येकाने गेलेल्याच्या नावाने चार थेंब मातीवर सांडले. इलिंकाने पेला नुसताच धरून ठेवला. हरालांबी आजोबांनी घोट घेतला, डोळे मिटले.

“हाच तो पंतेलेयचा हात!” ते म्हणाले. “माणूस गेला, वाइन राहिली बघा.” आणि ते रडू लागले.

त्या क्षणी मी फुटलो असतो तर बरे झाले असते.

पाहुणे गेल्यावर टुडोर खुर्चीत टेकला. “बघितलंस? कुणालाच फरक कळला नाही. मग त्या वेलींमागे कशाला मरायचं? बर्फ वितळलं की उपटू. मका लावू.”

“आणि बुधला?” लिदियाने विचारले.

“राहू दे कोपऱ्यात. शोभेला.”

मित्रांनो, जुनी वस्तू फुटायला भीत नाही. तिला खोटे बोलायला लावले की मात्र ती आतून तडकते. आम्हाला सांभाळा म्हणजे फडक्याने पुसा, एवढेच नव्हे. ज्याच्यासाठी आम्ही घडलो, तेही सांभाळा.

इलिंका उठली. माझ्या तळाशी उरलेली वाइन तिने मोरीत ओतली आणि मला काखेत मारले.

“कुठे निघालीस?” टुडोरने विचारले.

“हरालांबी आजोबांकडे. वाइन दुकानातली होती, हे सांगायला.”

“अगं, रडले ते!” लिदिया म्हणाली. “का म्हाताऱ्याचा जीव जाळतेस?”

“जळू दे, आई. मला शिव्याही देऊ देत. शिव्या संपल्या की त्यांच्याकडून छाटणी शिकणार आहे मी.” दार उघडून ती बाबांकडे वळली. “आणि बाबा, वेली उपटायच्या नाहीत. तुम्ही खुशाल शहरात जा. या वर्षीपासून त्या माझ्या.”