खीळ ढिली झाली तेव्हा

मित्रांनो, मी वर्तुळे काढायचा एक जुना लोखंडी कंपास आहे. साखरखेर्ड्याच्या बशीर लोहारांनी मला घडवले. महायुद्धात नोकरीला निघालेल्या भगवानरावांच्या हाती मला देताना ते म्हणाले, "खीळ ढिली झाली तं लगेच ठोकून घेजो, बेटा. नाही तं हा खोटं बोलन."

आम्ही समुद्रकाठच्या ठाण्यावर रुजू झालो. किनाऱ्यावर रडारची तीन यंत्रे दूर दूर बसवलेली होती. जहाज किती लांब आहे हे यंत्र नेमके सांगे. दिशा मात्र अंदाजेच. म्हणून तिघांची अंतरे टेलिफोनवरून येत आणि भगवानराव माझ्या मदतीने नकाशावर तीन कंस काढत. तिन्ही जिथे मिळत, तिथे जहाज! ठाण्यावरचे रत्नागिरीचे साहेब माझे कौतुक करत, आणि मी फुशारून जाई. खीळ ढिली होत होती. पण "उद्या ठोकू" म्हणता म्हणता आठवडा गेला.

त्या सकाळी दाट धुके होते. बसऱ्याहून आपले जहाज यायचे होते, आणि त्यावर बशीरचाचांचा मुलगा नजीर होता. पहिले दोन कंस मिळाले ते बंदी असलेल्या पाण्यात. तिथे आपले जहाज जाणारच नाही.

"शत्रू आहे," साहेब म्हणाले. "धुक्याबाहेर दिसताच तोफ डागा."

तेवढ्यात तिसरे अंतर आले. तिसरा कंस भलतीकडूनच गेला. साहेब म्हणाले, "ते यंत्र चुकलं असेल."

भगवानराव ताडकन उठले. "थांबा साहेब! आमच्या वावरात तीन माळ्यांवरून, म्हणजे मचाणांवरून, डुक्कर हेरतात. तिघांचं जुळल्याबिगर गोफण सोडत नाहीत. नाही तं आपलाच माणूस मरते."

"मग चूक कोणाची?"

तोफा भरून तयार होत्या. भगवानरावांनी मला पट्टीवर ठेवून पाहिले. ढिल्या खिळीमुळे माझा पाय मापावरून सरकला होता.

"चूक माही हाये, साहेब."

मी शरमेने मेल्याहून मेल्यासारखा झालो. त्यांनी मला चिमटीत गच्च धरून तिन्ही कंस पुन्हा काढले. ते आपल्याच जहाजाच्या वाटेवर मिळाले. साहेबांनी तोफा थांबवल्या. थोड्या वेळाने धुक्यातून आपले जहाज बाहेर आले.

लढाई संपली, आम्ही गावी आलो. बशीरचाचांनी माझी खीळ ठोकली. "काऊन रे, इतकी ढिली होऊ देली?" शेजारी नजीर भाता ओढत होता. भगवानरावांनी नजीरकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले.

आता मी गावच्या शाळेच्या कपाटात गंजत पडलो आहे. मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा आधी माझी खीळ बघा. त्या दिवशी नकाशावरची चूक ज्वारीच्या दाण्याएवढी होती, आणि त्या दाण्यात नजीर होता.