नफ्यावर बसणारा कॅल्क्युलेटर

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझे सातचे बटण अडकते, ते दोनदा दाबावे लागते. उजेडावर चालतो. पण हिशेबात कधी चुकलो नाही हं!

ज्यांनी मला आणले, त्या बाई कंपन्यांचे हिशेब तपासत. रोख प्रवाहाच्या पानावर पहिलीच ओळ नफ्याची असते. बाई मला नेमके त्या ओळीवर ठेवत. "बस इथे झाकून. हा आकडा फार लाघवी असतो," असे म्हणत आणि खालचे वाचायला लागत. रोजच्या धंद्यातून पैसा खरोखर हाती आला का? यंत्रे घेतली की विकली? कर्ज फेडले की नवे काढले? त्यांची बोटे माझ्यावर भराभर चालत. काय दिवस होते ते!

मग बाई वारल्या. मी खणात, सुकलेल्या पेनांशेजारी पडलो. अंधारात मला काही सुचत नाही. त्यांची फार आठवण येई.

एके दिवशी खण उघडला. बाईंची लेक पेन शोधत होती. टेबलावर एका कंपनीचा अहवाल होता.

"नफा दुप्पट झालाय! आईंनी ठेवलेले सगळे पैसे यातच घालू. कर सही," जावई म्हणाले.

लेकीने पेनाऐवजी मलाच उचलले, अहवालातले रोख प्रवाहाचे पान काढले आणि मला पहिल्या ओळीवर ठेवले.

"हे काय गं?"

"आई असंच करायची. आता खालचं वाच. माल खपलाय, पण उधारीवर. धंद्यातून आलेली रोकड उणे आहे."

"मग शिल्लक कशी वाढली?"

"यंत्रं विकून आणि कर्ज काढून! एखादं वर्ष जातं असं, पण मागची दोन वर्षंही तशीच आहेत."

"बडा घर पोकळ वासा!" जावयांनी कपाळाला हात लावला आणि सहीचा कागद फाडून टाकला.

लेकीने मग माझ्यावर बेरीज करून पाहिली. सातचे बटण न विसरता दोनदा दाबले आणि तिचे डोळे भरून आले. "आई, तू हवी होतीस गं," ती म्हणाली.

मित्रांनो, नफा जरूर पाहा, पण आधी तो झाकून पैसा आला कुठून ते विचारा. आणि तुमच्या खणात माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याला उजेडात आणा.

मी आता खिडकीपाशी असतो. उजेड भरपूर आहे. दार वाजले की अजून वाटते, बाईच आल्या.