विहिरीवरची सभा

बायकांना न विचारता विहीर झाकून टाकायची, हे आमच्या वाडीतल्या पुरुषांनाच सुचू शकतं. त्यांच्यातल्या एकानेही आयुष्यात कधी दोर ओढला नव्हता.

स्वराज्य आल्यावर चारदोन वर्षांत आम्ही काही कुटुंबांनी मिळून पापडीजवळची ही जागा घेतली. तेव्हा इथे नुसत्या केळी होत्या आणि मधोमध एक दगडी विहीर. तिच्याभोवती आमची कौलारू घरं उभी राहिली. आमच्यासारखे आगाशीकडचे बागायतदार होते, पापडीचे ख्रिस्ती होते, पाचूबंदरची एक मासळीवाली होती. घरं ज्याची त्याची, पण विहीर, रस्ता आणि गटार सगळ्यांचं, म्हणून सहकारी मंडळी स्थापन झाली. पास्कल मच्याडो अध्यक्ष झाले आणि आमचे हे चिटणीस. तेव्हापासून चहा हवा असला तरी हे ठराव मांडल्यासारखे बोलू लागले.

मंडळी काम चोख करायची, ते नाकारून चालणार नाही. गटार तुंबलं, कुणाच्या कोंबड्या कुणाच्या अळूत शिरल्या, सगळ्याला नियम होता. पास्कलभाऊ तर इतके सरळ, की त्यांच्याच बकरीने वाडीची जास्वंद खाल्ली तेव्हा भर सभेत त्यांनी स्वतःला समज दिली.

मग एके दिवशी ह्यांच्या आंघोळीच्या बादलीत बेडूक निघाला. इतकी वर्षं आम्ही बायका बादलीतले बेडूक उचलून बाहेर टाकत होतो, त्याची कधी बातमी झाली नाही. पण एकाने ह्यांच्या मांडीवर उडी मारली तेव्हा तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला. सभा भरली. तेलावरचं इंजीन आणायचं, पाणी टाकीत चढवायचं, टाकीवरून नळ द्यायचे आणि विहिरीवर सिमेंटच्या लाद्या टाकून ती बंद करायची, असं ठरलं. सगळ्या पुरुषांनी हात वर केले. आम्ही आत त्यांच्यासाठी भजी तळत होतो. पाचूबंदरची मटिल्डामावशी विधवा, म्हणून ती स्वतःच्या नावाने सभासद होती, बायकांत एकटीच. पण ती त्या वेळी बाजारात बोंबील विकत बसली होती.

नळ आला तेव्हा आम्हीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. हातांचे घट्टे मऊ पडले. लुईझाचं लग्न ठरेपर्यंत विहिरीचा विषय कुणी काढला नाही.

लुईझा ही पास्कलभाऊंची धाकटी. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि तिथून कळशीने आणलेल्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. लुईझाची आई मार्था कळश्या घासायला बसली आणि घासता घासता थांबली. राखेने भरलेल्या हातांनी तशीच माझ्याकडे आली.

"वहिनी, पाणी कुठून आणायचं?"

मी चटकन 'नळावरून' म्हणणार होते, पण तिचा चेहरा बघून तिला आधी पाटावर बसवलं. तिच्या थोरलीचं, थेरेसाचं लग्न झालं तेव्हा हे लोक भाड्याच्या घरात राहत होते. घरमालकाने ऐन वेळी विहिरीच्या फाटकाला कुलूप घातलं. बँड रस्त्यावर वाजत राहिला आणि शेवटी कुणाच्या तरी परसातून मागून आणलेल्या पाण्याने पोरीला न्हाऊ घातलं. त्याच दिवशी मार्थाने नवऱ्याला सांगितलं होतं, की धाकटीला मी माझ्या हक्काच्या विहिरीचं पाणी घालीन. ह्या जागेत त्यांनी पैसे घातले ते त्या विहिरीपायी. आणि ती झाकायला पहिला हात वर केला तोही पास्कलभाऊंनीच.

"त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणतात, बँड नळावर नेऊ. पाणी विहिरीचंच आहे ना आत."

तोटीसमोर दाटीवाटीने उभे राहिलेले बँडवाले माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मला हसू आवरेना. मार्थाही हसली, पण हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळी पास्कलभाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. "दयारामभाऊ, विसरलो मी. चूक माझी. पण अध्यक्षाने स्वतःच्या मुलीसाठी वाडीच्या लाद्या उखडल्या, तर उद्या मी कुणाला कुठला नियम सांगू?"

ह्यांनी चष्मा पुसला. "विशेष सभा बोलावता येईल. पण आठवडाभर आधी नोटीस लागते. लग्न तर ह्या रविवारी."

"म्हणून तर मी काही मागत नाही," पास्कलभाऊ म्हणाले आणि मान खाली घालून निघून गेले. एवढ्या चांगल्या माणसाने एवढं आडमुठं असावं याचा मला भयंकर राग आला.

तो मी ह्यांच्यावर काढला. "आपली लेक बाळंत होऊन घरात आहे. सव्वा महिन्याने तिला विहिरीची ओटी भरायची आहे. ती कुठे भरू? तोटीला हळदकुंकू लावू?"

ह्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. चिटणिसांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरले. कुणाकडे मुलाचं लग्न, कुणाकडे सून गरोदर. प्रत्येकीला विहीर हवी होती आणि प्रत्येकीला वाटत होतं की अडचण आपली एकटीचीच आहे, बोलायचं कसं. मटिल्डामावशीने टोपली उतरवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"शनवारी बँड आला का सगल्याजनी कलशी घेऊन इहिरीवर चला," ती म्हणाली. "बाप्ये येतील मागून."

शनिवारी उन्हं कलल्यावर बँड आला. मार्था पुढे, तिच्यामागे थेरेसा कडेवर मूल घेऊन, आणि मग आम्ही सगळ्या, त्यांची लाल लुगडी आणि आमची हिरवी-जांभळी, प्रत्येकीच्या कमरेला कळशी. लाद्यांना वेढा घालून आम्ही उभ्या राहिलो. थांबा म्हणून कुणी सांगेना, तेव्हा बँडवाल्यांनी तीच चाल पुन्हा धरली. एकेका घरातून पुरुष बाहेर येऊ लागले.

पास्कलभाऊ नवा कोट घालून आले. "मार्था, नळ तिकडे आहे."

"माहीत आहे," मार्था म्हणाली, आणि तिने कळशी लाद्यांवर ठेवली.

मी ह्यांना म्हटलं, "सगळे सभासद जमलेत. सभा घ्या."

"नोटिशीशिवाय?"

"आनखी कसली नोटीस?" मटिल्डामावशी म्हणाली. "बँड पार पाचूबंदरला आयकू गेला."

हशा पिकला. पास्कलभाऊंनी मात्र मान हलवली. "ही सभा मला चालवता येणार नाही. माझ्या घरचं कार्य आहे."

आमचे हे घसा खाकरून पुढे झाले आणि तसेच मागे सरले. "मलाही नाही. आमच्याकडे बाळंतीण आहे."

मग जो तो आपापली अडचण सांगू लागला. घरच्या बायकांनी त्यांना चांगलं पढवून ठेवलं होतं. ज्याच्या घरी विहिरीचं काम नाही असा एकही पुरुष निघेना.

"मावशी, तुमचं काही?" ह्यांनी विचारलं.

"माज्या घरात ना नवरी, ना बालंतीन."

म्हणून सभा मटिल्डामावशीने चालवली. अध्यक्षीण म्हणून ती ऐटीत लाद्यांवर बसली, आणि त्याच उचलायच्या आहेत हे ध्यानात येऊन उठली. "इहीर उगडायची. कोनाला नको हाय?"

एकही हात वर झाला नाही. ह्यांनी एवढीच दुरुस्ती सुचवली, की उघडमीट होणारं लाकडी झाकण बसवावं, बेडकांच्या बंदोबस्तासाठी. ती मान्य झाली. "नोटिशीचं काय ते मी बघतो," हे म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या दिवसाइतके हे मला कधी आवडले नव्हते.

पास्कलभाऊंनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि पहिली पहार स्वतः घातली. लाद्या एकेक करून बाजूला झाल्या. आतून ओल्या दगडांचा ओळखीचा वास वर आला आणि आम्ही सगळ्याजणी वाकून बघू लागलो. बँडही थांबला होता.

मार्थाने दोर बांधला, कळशी सोडली आणि भरभर ओढून घेतली. पाणी आता मांडवात जाणार म्हणून आम्ही वाट मोकळी केली. पण ती जागची हलली नाही.

"थेरेसा," तिने हाक मारली, "मूल वहिनींकडे दे."

थेरेसाने मूल माझ्या कडेवर दिलं. मार्थाने कळशी उचलली आणि ते पहिलं पाणी थोरल्या लेकीच्या डोक्यावर ओतलं.

"तुझं राहिलं होतं," ती म्हणाली.

थेरेसा डोळे मिटून निथळत उभी राहिली, हसत आणि रडत. मांडवात थांबलेली लुईझा धावत येऊन तिला बिलगली. माझ्याही डोळ्यांना धार लागली. बँडमास्तर गोंधळून पास्कलभाऊंजवळ आले.

"ह्यातली नवरी कोणती?"

"दोघीही," पास्कलभाऊ म्हणाले. "वाजवा तुम्ही."