जयवंताची हजेरी

"जरा सरकून बस ना वं. फळीची धार मांडीत रुतून राहिली माह्या," प्रेमलता सिंधूताईच्या कानाशी कुरकुरली. "पलीकडं एवढी जागा मोकळी. कोणासाठी राखून राहिली?"

सिंधूताई सरकली नाही. पलीकडची जागा जयवंताची होती, आणि जयवंता जाऊन अजून पंधरवडाही झाला नव्हता. प्रेमलतालाही ते माहीत होतं. पण हल्ली वर्गात सगळे असंच, तिचं नाव सोडून बाकी सगळं बोलत.

बाकं शाळेतल्या पोरांची. दिवसा त्या खोलीत पाचवीचा वर्ग भरे आणि दिवेलागणीला तिथेच नोकरी-संसारवाल्यांचं कॉलेज. पोस्टातले नत्थूजी गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि म्हणत, "बी.ए. होईपर्यंत माणसाची घडी होऊन जाते गा." एरवी यावर वर्ग हसायचा.

या कॉलेजात एक रीत होती. कोणाची कामावरची पाळी लांबे, कोणाच्या पोराला ताप येई, कोणाच्या सासूला नेमकं संध्याकाळीच छातीत दुखे. मग नाव पुकारलं की बाकावरच्या सोबत्यानं हजेरी द्यायची. हजेरी कमी भरली की परीक्षेला बसता येत नसे, म्हणून सगळेच एकमेकांचे हजर. देशपांडे सर नावं वाचताना मान वर करत नसत. नत्थूजींनी एकदा बारीक आवाज काढून शोभाताईची हजेरी दिली होती, तरी सरांची मान खालीच. आणि जयवंताचा आवाज सिंधूताईला असा काही साधला होता, की जयवंता स्वतः बोलली तर सरांना तोच परका वाटावा.

जयवंताच्या पर्समध्ये सुकवलेली बोरं असायची. इतिहासाच्या तासाला ती बाकाखालून हातात द्यायची. एकदा बोरं देताना तिच्या मनगटावरचा काळानिळा डाग दिसला. "स्टोव्हची दांडी लागली," ती म्हणाली. स्टोव्हला अशी कुठली दांडी असते, हे बाकावर कोणी विचारलं नाही. प्रेमलता बोराची बी चघळत राहिली आणि सिंधूताईनं फळ्यावरच्या सनावळ्या उतरवून घेतल्या.

त्या गुरुवारीही जयवंता आली नाही. सिंधूताई मनात जराशी चिडलीच, आठवड्यात दुसऱ्यांदा म्हणून. पण नाव आलं तसं तिनं सवयीनं "हजर, सर" म्हटलं.

त्याच रात्री जयवंता जळाली.

तिचा नवरा देवराव सांगत होता की ती कॉलेजातून आली, घाईत स्टोव्ह पेटवला, भडका उडाला. तो म्हणे ती वर्गात असतानाच रात्रपाळीला निघून गेलेला. शेजाऱ्यांनी दार ढकललं तेव्हा सगळं संपलं होतं. ती कॉलेजला गेली असेल तर त्याचं म्हणणं बरोबर. गेलीच नसेल, तर तो पाळीला निघेपर्यंत घरात ती दोघंच होती.

हा हिशेब वर्गातल्या प्रत्येकानं आपापल्या घरी, आपापल्या पांघरुणात करून पाहिला होता. पण एकीची खोटी हजेरी उघड झाली की सगळ्यांच्या तपासल्या जाणार. परीक्षा तोंडावर आलेली. नत्थूजींची बढती अडकणार होती. सिंधूताई तर मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, तेही तात्पुरती, यंदा बी.ए. झाली नाही तर उन्हाळ्यानंतर येऊ नका, असं मुख्याध्यापिकाबाईंनी गोड बोलून सांगितलं होतं. घरी म्हातारी आई आणि मॅट्रिकची पोरगी. दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

प्रेमलता कुरकुरत होती तेवढ्यात सर आले, ते पोलीस जमादाराला घेऊनच.

"काही विशेष नाही," सर म्हणाले. "जयवंताबाई त्या गुरुवारी वर्गात होत्या का, एवढंच यांना हवंय. मी स्वतः हजेरी घेतली. मी आवाज ऐकला त्यांचा." मग, या कॉलेजात पहिल्यांदाच, त्यांनी मान वर करून वर्गाकडे पाहिलं. "तुम्हीही ऐकला असेल सगळ्यांनी."

ऐकला होता. सगळ्यांनी ऐकला होता. नत्थूजींनी होकारार्थी मान हलवली आणि आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

प्रेमलतानं सिंधूताईचा पदर बाकाखाली घट्ट धरला. "चूप राय वं," ती ओठ न हलवता म्हणाली. "मेली थे काई परत येत नाई. आपल्याले त जगा लागते."

"बरं झालं," जमादार म्हणाला. "नवरा सांगते तसंच आहे मंग." तो बाहेर पडला आणि वऱ्हांड्यातल्या माठातून पाणी घेऊन पिऊ लागला.

सरांनी चष्मा पुसला. मान खाली घातली आणि नेहमीसारखी नावं वाचायला घेतली. आवाज जरा घाईचा होता, एवढंच. नत्थू, हजर. शोभा, हजर. त्याच ओघात ते पुढचं नावही वाचून गेले.

"जयवंता."

हजेरीपटातून नाव अजून काढलंच नव्हतं. सर थांबले ते सवयीनं, उत्तरासाठी. मग त्यांच्या लक्षात आलं, पण तोंडातून गेलेलं नाव आता परत कसं घ्यावं ते त्यांना कळेना. वऱ्हांड्यात पेला माठावर टेकल्याचा आवाज आला.

सिंधूताईच्या गळ्यात तो आवाज तयारच होता. जयवंताचा, बारीक, शेवटी किंचित वर जाणारा. तिनं तो गिळला. पोरांच्या बाकातून उठायचं म्हणजे आधी एक पाय बाहेर काढावा लागे. तिनं तो काढला. प्रेमलताच्या मुठीतून पदर सुटला.

"सर," ती स्वतःच्या जाड, बसक्या आवाजात म्हणाली, बाहेर ऐकू जाईल इतपत मोठ्यानं, "जयवंता त्या गुरुवारी आलीच नव्हती. हजर मी म्हटलं होतं. ती घरीच होती, नवऱ्यापाशी."