चुन्याखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना कुंचा आहे, भिंतींना चुना लावायचा. नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीला, हायवेला लागून असलेल्या एका घराच्या मागच्या वळचणीला मी वर्षाचे अकरा महिने खोचलेला असतो. तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, कोंबडीसुद्धा नाही. डिसेंबर लागला की मात्र सगळ्यांना माझी आठवण होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या वर्षी माझ्याकडून जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून बोलायला बसलो आहे.

माझा जन्म शिंदीच्या झाडाचा. घरधनी भाईदासने शिंदीचा एक जाड देठ तोडून आणला, त्याचं टोक दगडावर ठेचून ठेचून केस मोकळे केले आणि बेबीबाईने सुतळीने माझी मान घट्ट बांधली. बेबीबाई त्याची बायको. माणसं मुळात डोंगराकडची, पण हायवेवर पंक्चरचं दुकान टाकून त्यांना तीस वर्षं झाली. आता घरातसुद्धा ती अहिराणीच बोलतात. कुटुंब ख्रिस्ती आहे. त्यामुळे या घराची खरी दिवाळी म्हणजे नाताळ.

नाताळ काही एका दिवसाचा नसतो. तुरी काढायला आल्या आणि पहाटे तोंडातून वाफ निघू लागली की बेबीबाई पदर खोचते. गोधड्या नदीवर नेऊन आपटायच्या, खळग्यांत माती भरून अंगण सारवायचं, तांदूळ दळून आणायचे. बांबूच्या कामट्यांचा तारा करून छपरावर चढवायचा. पंधरा तारखेनंतर गाणी म्हणणारी मंडळी घरोघर फिरू लागतात. त्यांना द्यायला नानकटाई भाजून आणायची. पण या सगळ्याच्या आधी माझं काम. भिंती पांढऱ्या झाल्याशिवाय बेबीबाई ताऱ्याला हात लावू देत नाही.

चुना यायचा सलाउद्दीनच्या दुकानातून. त्याचं चुन्या-रंगाचं दुकान भाईदासच्या शेजारी आहे, आणि दोघांची मैत्री दोन्ही दुकानांइतकीच जुनी. ड्रममध्ये चुना भिजत पडला की त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ पडायची. मग कुंदन मला हातात घ्यायचा. कुंदन म्हणजे घरातला एकुलता एक मुलगा, आता बावीस वर्षांचा. पोरगा उंच, पाटावर न चढताच त्याचा हात आढ्याला पोचायचा. सात वर्षं मी त्याच्याच हातात होतो. तो मला कामाआधी तासभर पाण्यात ठेवायचा आणि काम झाल्यावर केसातला चुना बोटांनी काढायचा. इतकं कोण करतं एका कुंच्यासाठी?

या वर्षी मला उचललं ते भाईदासने, तेही कोरडंच.

त्याचं कारण दिवाळीच्या आठवड्यातलं आहे. एक ट्रकवाला टायर खोलून बसला होता आणि कुंदन मोबाइलमध्ये डोकं घालून होता. भाईदासने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्याने सरळ पोराच्या हातातला मोबाइल काढला आणि ट्यूब बुडवून पाहायच्या पाण्याच्या टाकीत टाकून दिला. ट्रकवाला हसला. माझ्या मते मोबाइल बुडाल्यापेक्षा ते हसणंच कुंदनला जास्त लागलं. दोन दिवसांनी ऊसतोडीची टोळी गुजरातला निघाली तेव्हा तो तिच्या गाडीत चढला. जाण्याआधी चुलीजवळच्या भिंतीवर त्याने कोळशाने मुकादमाचा फोन नंबर लिहिला आणि आईला सांगितलं, संध्याकाळी लाव, मी तिथेच असतो.

बेबीबाईला वाचता येत नाही. घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. तिने दोनदा मागितला. त्याला गरज असेल तर तोच लावेल, माझा नंबर त्याला पाठ आहे, असं म्हणून भाईदास उठून गेला. कुंदननेही फोन केला नाही. बाप तसा लेक. मग बेबीबाईने ठरवलं की घर पांढरं झालं, तारा चढला, की सलाउद्दीनच्या फोनवरून लावायचा आणि पोराला नाताळला घरी बोलवायचं. तोवर रोज चूल पेटवताना ती त्या दहा आकड्यांकडे पाहायची. ते तिला वाचता येत नव्हते, पण पाठ झाल्यासारखे झाले होते.

चुना लावायच्या संध्याकाळी ती गोधड्या धुऊन नदीवरून अजून परतली नव्हती. भाईदास एकेक भिंत उरकत चुलीपाशी आला. मित्रांनो, माणसाचा चेहरा मला कळत नाही, हात कळतो. नंबरासमोर त्याचा हात थांबला. चांगला थांबला. माझ्या केसांतून दोन थेंब जमिनीवर पडले, इतका वेळ. आणि मग त्याने मला वरून खाली एकदा ओढलं. माझ्या टोकांना कोळशाचं काळं लागलं. मी लाकडाचा, मला हात आखडता घेता येत नाही, नाहीतर घेतला असता.

ओला चुना काही झाकत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. आकडे तसेच दिसत होते. भाईदास त्यांच्याकडे बघत उभा राहिला. चुना वाळू लागला तसे ते फिके होत गेले आणि बेबीबाई डोक्यावर गाठोडं घेऊन दारात आली तेव्हा भिंत स्वच्छ पांढरी होती.

तिने गाठोडं खाली ठेवलं नाही. एवढंच म्हणाली, "तठे कुंदनना नंबर व्हता."

"माले दिसना नही," भाईदास म्हणाला. "अंधारं व्हतं."

"आते मी त्याले कोठे धुंडू?"

मी कोपऱ्यात बादलीत उभा होतो आणि मला खरं काय ते ठाऊक होतं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

सकाळी दुसरा हात द्यायचा होता. चुन्याचे दोन हात द्यावेच लागतात, एकाने भिंत उठत नाही. भाईदासने ड्रम ढवळला, मला भिजवलं, चुलीपर्यंत आला आणि मला खाली ठेवून दिलं. मग पंक्चरच्या दुकानातली ट्यूब घासायची पत्री आणून तो भिंत खरवडू लागला. चुन्याबरोबर कोळसाही निघत होता, हे त्याच्या ध्यानात येईना. बेबीबाई बाजूला उभी राहून रडत होती. तो आवाज ऐकून सलाउद्दीन आला. काय झालं ते त्याने विचारून घेतलं, भाईदासचा हात धरला आणि म्हणाला, "घासू नको. निस्तं पाणी फिराव."

आयुष्यभर चुना विकलेला माणूस तो. वाळलेला पातळ चुना भिजला की पुन्हा पारदर्शक होतो, हे त्याला माहीत होतं. मला तीन पाण्यांत धुतलं आणि पहिल्यांदाच मी नुसत्या पाण्याने भिंतीवर फिरलो. जितका हलका होता येईल तितका हलका झालो. हळूहळू, धुक्यातून गाडीचे दिवे दिसावेत तसे आकडे वर आले. नऊ आकडे स्पष्ट होते. दहावा अर्धा खरवडला गेला होता, एक असेल किंवा सात.

सलाउद्दीनने चष्मा लावून आपल्या फोनवर आधी एक घातला. कुणी गुजराती बाई बोलली आणि रागावली. मग सात घातला. मुकादमाने उचलला. मागे गाडी भरत असल्याचा गलका होता. त्याने कुंदनला हाक मारली.

सलाउद्दीन फोन बेबीबाईच्या हातात देत होता, तो मध्येच भाईदासने घेतला. तो त्याने कानाला घट्ट धरला. मग म्हणाला, "मी बोली ऱ्हायनू. तुन्हा भितवरना नंबर मीच पुसी टाका व्हता. चुकीसन नही. देखीसन."

बेबीबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेसमोर मी असतो तर जळून गेलो असतो. पलीकडे गाडी भरायचा गलका चालूच होता. मग कुंदन म्हणाला, "आईले दे."

आईशी तो बोलला. सुट्टी मिळाली तर येईन, मुकादमाचं काही सांगता येत नाही, एवढंच म्हणाला. बापाबद्दल चकार शब्द नाही. फोन ठेवल्यावर बेबीबाईही नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुपारपर्यंत भिंत वाळली आणि नंबर पुन्हा दिसेनासा झाला. तेव्हा भाईदासने चुलीतला कोळसा घेतला. त्याला सहीपुरतंच लिहिता येतं. सलाउद्दीन एकेक आकडा सांगत गेला आणि तो गिरवत गेला, वितीएवढे, वाकडे. घरातल्या बाकी सगळ्या भिंतींना दुसरा हात बसला आहे. त्या एका भिंतीला बसलेला नाही.

आज तेवीस तारीख. तारा चढला आहे. गाणारी मंडळी काल येऊन गेली, त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलं आणि कुणी काही विचारलं नाही. कुंदन अजून आलेला नाही. विसरवाडीला गुजरातची गाडी थांबली की भाईदास हातातली ट्यूब सोडून रस्त्याकडे बघतो, आणि गिऱ्हाईक हसलं तरी बघत राहतो.

मित्रांनो, आम्हा कुंच्यांना काम झाल्यावर धुऊन ठेवत जा, हे तर सांगायलाच हवं. पण खरं सांगायचं ते वेगळंच. भिंतीवर काही लिहिलेलं असलं तर चुना लावण्याआधी घरातल्या माणसांना विचारा. आणि रागाने एक हात मारून झालाच असेल, तर दुसरा मारू नका. एका हाताखालचं पाण्याने दिसतं. दोन हातांखालचं मलाही परत आणता येत नाही.