मी शेजाऱ्याचा हात सोडत नाही

मी ई-कॅडहेरिन बोलतोय. नाव ऐकून भातात खडा लागल्यासारखं तोंड करू नका. माझं बारसं परदेशातल्या शास्त्रज्ञांनी केलं आणि बारशाला आत्या बोलावली नाही, की असली नावं पडतात.

मी एक प्रथिन आहे. तुमच्या कातडीत, आतड्यात, दुधाच्या नळ्यांत पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, त्या माझ्या जिवावर. माझं एक टोक पेशीच्या आत रोवलेलं आणि दुसरं बाहेर काढलेलं. शेजारच्या पेशीवर माझाच एखादा भाऊ तसाच हात पुढे करून उभा असतो. आम्ही हात धरतो आणि धरूनच राहतो. थोडं कॅल्शियम तेवढं लागतं. ते नसलं की आमचे हात लुळे पडतात. आमच्यातला एकेक जण फार काळ टिकत नाही, पण एक गेला की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. म्हणून मी 'मी' म्हणतो, तेव्हा आमची सगळी भावकी धरा.

माझं सारं आयुष्य मनकर्णाबाईच्या अंगात गेलं. पैठणजवळ तिची मोसंबीची बाग, नवरा कारभारी, लेक संस्कृती कॉलेजात. पण मी तिला या सगळ्यांच्या आधीपासून ओळखतो. ती तिच्या आईच्या पोटात जेमतेम आठ पेशींची होती. त्या पेशी गोट्यांसारख्या सुट्या सुट्या बसल्या होत्या. मी कामाला लागलो, सगळ्यांना जवळ ओढलं आणि त्यांचा घट्ट गोळा झाला. आजही ते आठवलं की छाती फुगते. मला छाती नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे काही पेशींना लांब जायचं होतं. कुणाला चेहऱ्याची हाडं करायची होती, कुणाला नसा. "सोड आता," असा निरोप आला. सोडणं माझ्या जिवावर यायचं, स्वभावच नाही ना तो. पण लेक सासरी धाडल्याशिवाय नवं घर कसं उभं राहणार? मी सोडलं. त्या गेल्या, आपापल्या मुक्कामी पोचल्या आणि तिथे नव्या शेजाऱ्यांना धरून नांदू लागल्या. तेव्हा मला कळलं की सोडण्यालाही रीत असते.

संस्कृती झाली तेव्हा दुधाच्या नळ्यांत आम्हाला उसंत नव्हती. नंतर बरीच वर्षं निवांत गेली. आणि मग एका नळीतल्या पेशी बेताल वाढू लागल्या. वाढ थांबवणं माझ्या हातात नाही, मी फक्त धरून ठेवणारा. पण खरं सांगतो, मला भीती वाटली. कर्करोगाची एक जुनी खोड आहे, तो बरेचदा आधी मलाच कामावरून काढतो. मी गेलो की पेशी सुटतात, रक्तात शिरतात आणि दिसेल त्याच्या घरात घुसतात. तिथे रीतभात काही उरत नाही.

मनकर्णाबाईला छातीत, काखेजवळ, गाठ हाताला जाणवली होती. पण मोसंबी तोडणीला आलेली. "बाग उतरू दे, मग बघू," असं तिनं स्वतःलाच समजावलं. बाग उतरली आणि दिवाळी आली. अभ्यंगस्नानाला संस्कृती आईच्या अंगाला तेल लावत होती. तिचा हात काखेजवळ गेला आणि थांबला.

"आई, हे काय?"

"काय नाय गं. मोसंबीची पाटी लागली आसंल."

"पाटी लागून गाठ येते व्हय? चल आधी डॉक्टरकडं."

दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता, तेवढ्यात गावातल्या सर्जननं ती बोराएवढी गाठ काढली. रात्रभर ती बरणीतल्या औषधात बुडून होती. नाकाला झोंबणारं औषध ते, पण त्यात आम्ही जसेच्या तसे टिकतो. सकाळी बरणी कारभारीच्या हातात देऊन त्यांनी सांगितलं, "संभाजीनगरला तपासायला द्या."

आपल्याकडे अशी बरणी घरचा माणूसच पोचवतो. कारभारीनं ती पिशवीत घातली आणि एसटीत बसला. झाकण नीट लागलं नव्हतं. गाडी हलली तसा वास सुटला, पुढचे मागचे प्रवासी कुरकुरू लागले. कारभारी भला माणूस, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी थांबल्यावर तो खाली उतरला, सगळं औषध सांडलं आणि बरणीत आपल्या बाटलीतलं पाणी भरलं. साधं पाणी नव्हे बरं का, सकाळी नाथाच्या घाटावर भरून घेतलेलं गोदावरीचं. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात.

मी आतून ओरडत होतो, "अरे बाबा, नको!" पण प्रथिनाचं कोण ऐकतं?

छावणीजवळच्या लॅबमध्ये डॉक्टर अमृतानं झाकण उघडलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, यातलं औषध कुठं गेलं?"

"लई वास यायलता, म्हून सांडून दिलं. पर काळजी करू नका म्याडम, गंगेचं पाणी भरलंय. गंगेचं पाणी नासत नाय."

"पाणी नासत नसेल काका, पण गाठ नासते!"

कारभारीचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हंजी... माझ्या हातून घात झाला का काय?"

डॉक्टरनं गाठ पाण्यातून काढून ताज्या औषधात टाकली. तपासताना माझ्यासाठी एक खास रंग काचेवर सोडतात. मी असेन तिथे तो तपकिरी उमटतो. काच कोरी निघाली असती तर मी खरंच पळून गेलोय की पाण्यात विरघळलोय, हे तिला सांगताच आलं नसतं. मनकर्णाबाईचं पुढचं सगळं त्यावर ठरायचं होतं.

लॅबमधल्या बुद्धभूषणनं काप काढले, रंग सोडला. गाठीची एक कड पिठूळ झाली होती. पण रात्रभराच्या औषधानं बाकीचं राखलं होतं. डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मी तिला दिसलो. पेशीपेशीच्या कडेनं, रांगेत, हात धरून.

निकालाच्या दिवशी दोघं नवरा-बायको आले.

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाली, "पण दुधाच्या नळीतच आहे. नळीची भिंत त्यानं ओलांडलेली नाही. किरणं घ्यावी लागतील, गोळ्या लागतील. पण अशी माणसं बरी होतात, मावशी."

मनकर्णाबाईनं खुर्ची सूक्ष्मदर्शकाजवळ ओढली. मग म्हणाली, "मला बघू द्या तो कसा हाय."

तिनं त्यात डोळा घालून बघितलं. "अगं बया! हे तर मोसंबीच्या फोडीवाणी दिसायलंय. दाण्याला दाणा लागून."

"म्या म्हणलं नव्हतं? गंगेच्या पाण्यानं राखलं!" कारभारीला जरा धीर आला.

"गप बसा. बरणी धुवायला न्हेली व्हती का तपासायला?" ती म्हणाली आणि दोघंही हसत सुटली. मलाही हसू आलं. भिंतीचं श्रेय भिंतीला, औषधाचं औषधाला. मी माझ्यापुरतं केलं.

आता मी काचेवरची एक तपकिरी रेघ आहे. पुढच्या दवाखान्यात दाखवायला त्यांनी मला डबीत घालून मनकर्णाबाईकडे दिलंय. जाता जाता हात जोडून सांगतो: गाठ लागली तर बाग उतरायची वाट बघू नका आणि बरणीतल्या औषधाला हात लावू नका, गंगेची शपथ.

लॅबमधून बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडायचा होता. आजवर कारभारी नेहमी चार पावलं पुढे चालायचा, ती मागून. आज तो थांबला. त्यानं तिचा हात धरला.

"अवं, लोकं बघायलेत. सोडा की."

"बघू दे. आता नाय सोडत."

चला मंडळी, निघतो मी. माझ्या जागी दुसरा उभा राहिलाय.